कागदाची खाण

कोणतीही वस्तू हातात आली की चाचा आधी ती नाकाशी न्यायचे. आंबा असो, नवं धोतर असो, नाहीतर कोणी प्रेमाने पुढे केलेला विडा असो. एकदा हुंगायचं, नाकाचा शेंडा वर ओढायचा आणि म्हणायचं, "छी! घाण!" मग वस्तू परत आणि स्वारी गल्लीतल्या नहरीच्या, म्हणजे जुन्या कालव्याच्या, हौदावर हात धुवायला. माझी त्यांची ओळख झाली तीसुद्धा अशीच. नवा शेजारी म्हणून मी हात पुढे केला. माझ्या बोटांना रंग लागलेला होता. त्यांनी हात हातात न घेता नुसता हुंगला आणि म्हणाले, "मास्तर, आधी हात धुऊन या. मग बोलू."

तुमच्या गल्लीतही असा एखादा असेलच. लोक त्याला हसतात. मला मात्र अशा माणसांचा राग कधी आला नाही, कारण मी स्वतः त्याच जातकुळीचा. जगात किळस यावी अशा गोष्टी पुष्कळ आहेत आणि बहुतेकांना त्यांची सवय होते. मला झाली नाही, त्यांनाही नाही. एवढ्या एका गोष्टीवर आमची दोस्ती जमली.

औरंगाबादेत तेव्हा निजामाचा अंमल होता. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणजे मुलांच्या वह्यांवरचे शाईचे आणि शेंबडाचे डाग पाहायचो. ते मोहरमचे ताबूत बनवायचे. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा. बांबूच्या कामट्या सुतासारख्या तासायच्या, त्यांचे मनोरे आणि घुमट बांधायचे आणि वर पातळ कागद चढवायचा, हे त्यांचं काम. ते करताना पाहिलं की वाटायचं, ह्या माणसाला अशी बोटं देवाने चुकून दिलेली नाहीत.

कागद चिकटवायची त्यांची खळ तर नावाजलेली. दोनदा वस्त्रगाळ केलेलं पीठ, कल्हईचं पातेलं, मंद जाळ. खळ झाली की बोट बुडवून ते चाटून पाहायचे. "पोराच्या तोंडात घालावी अशी पायजे, मास्तर. ताबूताला लागनार हाय." आणि एवढं करून दहाव्या दिवशी सगळं पाण्यात. उभा जन्म त्यांनी जे घडवलं ते पाण्यात विरघळलं. ती रीतच होती आणि ती त्यांना मान्य होती.

एका उन्हाळ्यात आम्हा दोघांना एका जहागीरदारसाहेबांच्या देवडीतून, म्हणजे वाड्यावरून, बोलावणं आलं. साहेबांनी मुंबईहून चावीची आगगाडी आणली होती. इंजिन, सहा-सात उघडे डबे आणि गोलाकार मांडायचे रूळ. पडेगावला त्यांची काळ्या दगडाची खाण होती, तिथली गिट्टी रेल्वेच्या रुळांखाली जायची. ती सगळी खाण त्यांना दिवाणखान्यात, दोन पलंगांएवढ्या मेजावर हवी होती. डोंगर चाचांनी उभा करायचा, आकाश आणि रंग माझे.

"हूबहू होना, चाचा," साहेब तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत म्हणाले. बोलताना लाल थेंब मेजावर पडला. "ऊपर से काँच का ढक्कन बनवाएँगे, बंबई से. हमारे बाद हमारे पोते देखेंगे."

परत येताना वाटेतल्या हौदावर चाचांनी दोनदा हात धुतले. तो लाल थेंब अजून डोक्यात असेल, असं मला वाटलं. माझ्या तर होताच. मोहल्ला जवळ आला तेव्हा ते म्हणाले, "काचंत ठेवनार म्हनला, मास्तर."

"म्हणाले खरे."

"आपल्या मागं काय हाय? पोर नाय, बाळ नाय. केलं ते पान्यात गेलं. ते जायालाच पायजे, त्याचं दुख नाय. पन एक तरी चीज ऱ्हावी ना. लोकांनी म्हनावं, ही त्यानं केली."

एवढंच हवं होतं त्या माणसाला. मी हो म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही टांगा करून पडेगावला खाण पाहायला गेलो.

खाण कशी असते हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी पाहूही नये. धूळ घशात पिठासारखी बसते. डबक्यातलं हिरवं पाणी, त्यात डासांच्या अळ्या, गाढवांची लीद आणि घामाचा आंबूस वास. उन्हात वडारांची माणसं घण घालत होती, त्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. चाचांनी नाकावर रुमाल बांधला तो टांग्यात बसेपर्यंत सोडला नाही. दर दोन पावलांना "छी, छी" चाललं होतं. पण डोळे मात्र कड्यावरून हलत नव्हते. घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, पुन्हा केली आणि त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांच्या दिवाणखान्यात, त्या मेजावरच कामाला लागले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, गोणपाटावर उर्दू अखबारांचे थरावर थर आणि दर थराला ती खळ. कड्याच्या तीन पायऱ्या केल्या. दोन पायऱ्यांमधला लाल मातीचा पट्टासुद्धा सोडला नाही. खाणीतून आणलेली दगडाची पूड चाळून ओल्या खळीवर शिंपडली, तेव्हा कागदाचा दगड झाला. शाळेतल्या फुटक्या पाट्यांचा गाडीत माल भरायचा चौथरा, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची छपरी, विणायच्या सुईची आणि दोऱ्याची, दगड उचलायची यारी. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची कडुनिंबाची झाडं केली. छिन्न्यांना धार लावणाऱ्या लोहाराची भट्टी केली, तिच्यात लाल पन्नीचा निखारा ठेवला. तुम्ही वाकून पाहिलं असतं तर हात शेकायला पुढे केला असता.

साहेब अधूनमधून येऊन पाहायचे. पडेगावच्या आसपास कुठे बोगदा नाही, पण त्यांना बोगदा हवा होता. "रेल है तो बोगदा होना." केला. चाचांनी मातीची बोटभर माणसं बनवली होती, घण उचललेली, पाटी डोक्यावर घेतलेली. साहेबांनी ती पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "इनको निकालो. मेहमान आएँगे, गंदे लोग अच्छे नहीं दिखते." म्हणजे खाण हूबहू, पण दगड आपोआप फुटणार. इतकी शिसारी मला पडेगावच्या त्या डबक्याचीही आली नव्हती. चाचांनी माणसं निमूटपणे उचलून खिशात टाकली. त्यांना फक्त काच दिसत होती.

आमचं भांडण झालं ते मोरचुदावरून. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर आणि उंदीर शिवत नाहीत. घरी खळ शिजत असताना मी पुडी नेली. चाचांनी ती हुंगली आणि अशी लांब धरली की जणू मी मेलेली पाल आणून दिली होती.

"विष? माझ्या खळीत?"

"चाचा, हे टिकायचं आहे. दहा दिवसांचं काम नाही हे."

"म्हनून तर. मास्तर, कीड घाणीला लागते. साफ चीजेला लागत नाय. ही खळ मी चाटतो रोज, मला काय झालं?"

पुडी हौदापलीकडे फेकली आणि हात धुवायला गेले. ज्या माणसाने आयुष्यात दहा दिवसांपलीकडची वस्तू केलीच नाही, त्याला अकराव्या दिवसाचं काय सांगणार?

खाण उभी राहिली. मी मागे पडेगावचं आकाश रंगवलं, उन्हाळ्यातलं, धुळकट. पावसाळा लागला. काच मुंबईहून येत होती, येतच होती. तोवर वर रेशमी चादर घालून ठेवली होती आणि दिवाणखान्याला कुलूप. पाऊस ओसरताना साहेबांनी पाहुण्यांना दावत दिली. आम्हा दोघांनाही बोलावलं. चाचा पांढरा सदरा घालून, कानात अत्तराचा फाया खोचून आले. त्यांना आपली वस्तू बऱ्याच दिवसांनी पाहायला मिळणार होती.

कुलूप काढलं तेव्हाच वास आला. आंबलेल्या पिठाचा, ओल्या गोणपाटाचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. मी चाचांकडे पाहिलं. नाकाचा शेंडा वर गेला होता, पण ते "छी" म्हणाले नाहीत.

चादर काढली. कड्यावर हिरवी-काळी लव आली होती. पाहुण्यांना ते गवत वाटलं असावं, कोणीतरी "वाह" म्हणालं. साहेबांनी इंजिनाला चावी दिली. गाडी चौथऱ्यावरून निघाली, वळली आणि बोगद्यात शिरली. आत काहीतरी मऊ आवाज झाला आणि चाकं जागच्या जागी घरघरत राहिली. साहेबांनी डोंगर वरून दाबला. बोटं सरळ आत गेली. मग त्या भोकातून झुरळं निघाली, एक नाही, दोन नाही, कडा वाहायला लागल्यासारखी. बोगद्याच्या तोंडातून आधी चिंध्या आल्या, मग उंदराची उघडी गुलाबी पिल्लं, त्यातली दोन चाकाखाली सापडलेली. एका पाहुण्याने खिडकीबाहेर तोंड काढून ओकारी काढली. हे लिहितानासुद्धा माझ्या तोंडाला पाणी सुटतंय, चांगलं नव्हे.

"उठाओ ये गंदगी!" साहेब रुमालातून ओरडले. "उकिरडे पे फेंको!"

नोकर पुढे झाले. चाचांनी हात आडवा केला. "कोनी हात लावू नका. माझं हाय." बाह्या वर सारल्या आणि नुसत्या हातांनी तो डोंगर उपसायला लागले. खळीचा लगदा कोपरापर्यंत आला. बुरशी, लेंड्या, पिल्लं, सगळं त्यांनी ओंजळीने गोणीत भरलं, रुळांच्या फटी नखांनी साफ केल्या. मी मदतीला वाकलो तर मला बाजूला सारलं. पाहुणे केव्हाच जेवायला गेले होते. पलीकडून बिर्याणीचा वास येत होता आणि दोन्ही वास नाकात एकत्र होत होते.

संध्याकाळी चाची आमच्या दाराशी आल्या. आयुष्यात मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"भाईसाब, जरा येता का? हे हात न धुताच जेवाया बसले."

मी गेलो. त्यांच्यापुढे बसलो आणि समोरची भाजी पाहत राहिलो. त्यांच्या नखांत अजून काळं होतं.

जहागीरदारांनी पुढे मुंबईहून पत्र्याचे तयार डोंगर आणले. मी पाहिले आहेत. पोपटी रंगाचे, एकसारखे, वर बर्फ. पडेगावच्या खाणीवर बर्फ! त्यांच्यावर काचही आली, वेळेवर. पाहुणे वाहवा करायचे म्हणे.

चाचा त्यानंतर घरी फारसे सापडेनात. चाचींना विचारलं तर म्हणाल्या, "पडेगावला जातेत." मला वाटलं, डोकं फिरलं. एका रविवारी टांगा केला. कड्याखाली एका म्हाताऱ्या वडारापाशी ते बसले होते, धुळीने माखलेले, नाकावर रुमाल नाही. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी, पुढ्यात काळ्या दगडाची फाड. कामट्या तासणारी ती बोटं जागोजाग ठेचली होती.

"हे काय आरंभलंय, चाचा?"

"पाटा," ते वर न बघता म्हणाले.

म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "लई सांगितलं, बाबा, जमायचं नाय. हात कागदाचा हाय ह्येंचा. ऐकत न्हाईत."

"व्हय, कागदाचाच हाय," चाचा म्हणाले आणि घाव घातला. तो चुकला. टवका उडाला आणि त्यांच्या गालाला लागून रक्त आलं. बाहीने पुसून त्यांनी छिन्नी पुन्हा टेकवली. मला तिथे फार वेळ बसवलं नाही.

थंडीच्या सुमारास टांगेवाल्याने तो पाटा आमच्या दारात आणून टाकला. चाचा मागून चालत आले होते. धाप लागली होती, खोकत होते. "वहिनींना द्या," म्हणाले. पाट्यावरून एकदा हात फिरवला आणि पाणीसुद्धा न पिता गेले. पुढे ते फार दिवस जगले नाहीत. चाची भावाकडे कन्नडला गेल्या, खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. मोहरमचा ताबूत आता दुसराच कोणी करतो. त्याचे घुमट मला पाहवत नाहीत.

पाटा मात्र आमच्याकडे आहे. इतका वाईट पाटा साऱ्या औरंगाबादेत नसेल. एक कोपरा खचलेला, मधे खड्डा, वाटण एका बाजूला पळतं. पाट्याला टाकी लावणारी बाई दारावर येते, ती दर वेळी कपाळाला हात लावते. "कुन्या येड्यानं घडवला, बाई? द्या, सपाट करून देते." बायको तिला दारातूनच वाटेला लावते. त्यावर वाटलेल्या चटणीत आजही कच येते. दाताखाली ती कचकचली की माझ्या अंगावर शहारा येतो, शिसारी येते, मी ताट पुढे ढकलतो आणि म्हणतो, "नवा पाटा आणा एकदाचा!"

"आणू," बायको म्हणते, आणि मी ताट पुन्हा ओढून घेतो.