अंगरखा, बंडी आणि रुमाल

माझ्या मोठ्या साडभाऊंना या जगातली कुठलीही गोष्ट तिच्या मूळ लांबीत पटलेली नाही. सत्यनारायणाची पोथी असो, लग्नातलं भाषण असो की माझ्या मेहुणीने सुरू केलेली तक्रार असो, ऐकता ऐकता त्यांची दोन बोटं कात्रीसारखी हलायला लागतात. याचं मूळ आर्वीच्या बसस्टँडवर आहे. तिथल्या नोकरीत चौकशीच्या खिडकीशेजारचा काळा फळा त्यांच्या ताब्यात होता. फळा दीड हाताचा आणि सूचना गाडाभर. खडू हातात धरून कमी जागेत जास्त बसवायचं त्यांना जे वेड लागलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. पिपरी मेघेला घर बांधून ते राहायला आले आणि मुलीने त्यांना मोबाईल घेऊन दिला, एवढाच काय तो फरक.

मजकूर कुठलाही असो, ते त्याचे तीन कपडे शिवतात. नातेवाइकांच्या ग्रुपवर जातो तो अंगरखा. तिथे हवा तेवढा घोळ चालतो. फोटोखाली जाते ती बंडी, कारण "दोन ओळीच्या पुढं कोनी दाबून पाह्यत नाई." आणि जिथे दोनशे ऐंशी अक्षरांच्या पुढे एक टिंबसुद्धा आत घेत नाहीत, तिथला तो रुमाल. त्यांचा खरा जीव रुमालात. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाचं तिथे वेगळं घर मोजतात हे कळलं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत असं मेहुणी सांगते. ते खोटं आहे. जेवले होते, बोलले नव्हते. कॉलनीतली माणसं त्यांच्याकडे मजकूर घेऊन येतात आणि बहुधा नाराज होऊन जातात. शेजारच्या बाईंनी घरच्या लोणच्याची जाहिरात पानभर लिहून आणली होती. तीत आजीची आठवण होती, मोहरीची महती होती. साडभाऊंनी रुमाल शिवून दिला: 'लोणचं आहे. बरण्या कमी.' खाली फोन नंबर. संध्याकाळपर्यंत बरण्या संपल्या, पण आजीला गाळलं म्हणून बाई अजून घुश्शात आहेत. नातवाच्या वाढदिवसाचं लिहून आणलेल्या एका गृहस्थांना त्यांनी विचारलं होतं, "हार्दिक काऊन पाह्यजे? बिनहार्दिक शुभेच्छा कोन देऊन राह्यलं?"

अशा माणसाच्या रुमालात मला एक कोडं सापडलं. तिथे त्यांचे वाचक सातआठ, त्यांतला एक मी. 'उद्या पिपरीत नळ नाही. पाणी भरून ठेवा. विश्वंभरनाथराव मजेत असतील.' विश्वंभरनाथराव म्हणजे नाशिकला राहणारे त्यांचे जावई. दुसऱ्या दिवशी पाहावं तर, 'ऊन फार. ताक घ्या. विश्वंभरनाथरावांनीही घ्यावं.' सोयाबीनचा भाव पडला तरी शेवटी विश्वंभरनाथरावांना नमस्कार. गंमत म्हणजे अंगरख्यात हे नाव नसायचं, बंडीतही नाही. जिथे टिंबाटिंबाची मारामार, नेमकं तिथेच ते चौदा घरं अडवून बसलेलं असायचं. न राहवून मी एकदा विचारलं. "जागा होती, टाकलं," असं म्हणून ते चष्मा पुसायला लागले. जागा होती हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मग मी स्वयंपाकघर गाठलं. मेहुणी तुरीच्या शेंगा सोलत होती. "पोरीच्या लग्नाचं यायनंच टाकलं होतं," ती म्हणाली. "ग्रुपवर जावयाचं नाव, गाव, सारं होतं. त्या बारक्या जागेत चौदा घरं जास्त भरले, तं यायनं जावयाचंच नाव काढलं. पोरीनं तेच वाचलं. तिले वाटलं, बाबाच्या मनातला राग गेलाच नाई." मुलगा दुसऱ्या जातीतला म्हणून साडभाऊंनी आधी दोन महिने तोंड फुगवलं होतं, हे खरं. पण पुढे नोंदणीच्या दिवशी सही करायला तेच सगळ्यांच्या आधी हजर होते. राग केव्हाच गेला होता, सवय तेवढी राहिली होती. मुलीने ग्रुप सोडला, बापाचा फोन घेणं सोडलं. रुमाल वाचणं मात्र तिने सोडलं नव्हतं, वाचकांच्या यादीत तिचं नाव अजून दिसत होतं, आणि ते साडभाऊंना ठाऊक होतं.

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. "भाऊ, सरळ 'चुकलं' असं लिहून टाका ना," मी म्हणालो.

"माफीनं काय होते?" ते म्हणाले. "मी नाव काढलं होतं. मी नावच वापस ठेवून राह्यलो."

असं वर्ष गेलं. मागच्या महिन्यात आम्ही पिपरीला गेलो, तेव्हा ते पायरीवर बसले होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांचा सकाळचा रुमाल होता: 'बाजारात संत्री आली. विश्वंभरनाथरावांना आवडत असतील.' खाली मुलीचं उत्तर होतं. 'आवडतात बाबा. आणि त्यांना घरी सगळे विशूच म्हणतात. तेवढं लिहिलं तरी पुरते.'

"घ्या, चौदाची चार झाली," मी म्हणालो.

"नाई भाऊ. मी पुरंच लिहीन. एक डाव तोडलं, तेच लय झालं."

उत्तर लिहायला त्यांना तास लागला. मी आत जाऊन चहा घेतला, पोहे खाल्ले, बाहेर आलो तरी ते खोडतच होते. शेवटी एक ओळ उरली: 'विश्वंभरनाथरावांना घेऊन येजो.' अक्षरं मोजणारं पडद्यावरचं वर्तुळ जेमतेम भरायला लागलं होतं.

"जागा बरीच उरली," मी म्हणालो.

"राहू द्या. बाकीचं ते आले का बोलू."

त्यांनी फोन पायरीवर उपडा ठेवला, आणि दर दोन मिनिटांनी तो उलटून पाहत राहिले.