रणगाडे अडवायला उभे केलेले ठोकळे

माझी लेक स्कॉटलंडमध्ये इंजिनियर आहे. गेल्या वर्षी तिनं मला तिकडे नेलं. मी पोलादपूरचा. आंबेनळी, कशेडीच्या घाटांत दरडी रोखणाऱ्या भिंती बांधण्यात माझा जन्म गेला, म्हणून ती मला राजवाडेबिजवाडे न दाखवता थेट समुद्रावर घेऊन गेली. वाळूच्या कडेनं छातीएवढे काँक्रीटचे ठोकळे दूरवर रांगेनं उभे होते.

"हे कशाला गो?"

"दुसऱ्या महायुद्धात इथं जर्मन रणगाडे उतरतील अशी भीती होती, बाबा. त्यांना अडवायला."

"मग उतरले?"

"नाही. ठोकळे मात्र राहिले."

मी एकावरून हात फिरवला. साच्याच्या फळ्यांच्या रेघा अजून दिसत होत्या. घाईचं काम, पण पक्कं.

त्या दिवशी तिथंच गावकऱ्यांची बैठक होती. गाड्या लावायला जागा हवी म्हणून ठोकळे फोडावेत, असं काहींचं म्हणणं. पाहणीचं काम लेकीकडे होतं. ठोकळ्यांमागे वाळूची टेकडी साठली आहे, ते काढले तर समुद्र ती खाईल, असं तिनं सांगितलं. तेवढ्यात एक उंच माणूस चिडून बोलला. माझं इंग्रजी जेमतेम, तरी कळलं : तू बाहेरची, आमच्या गावातलं तुला काय ठाऊक?

ती मात्र शांतपणे बोलत राहिली. मध्येच "पोलादपूर" ऐकू आलं आणि तिनं माझ्याकडे हात केला. सगळ्या माना वळल्या. मी गडबडून नमस्कार केला.

"काय सांगितलंस गो त्यांना?" मी नंतर विचारलं.

"आमच्याकडे पावसाळ्यात डोंगर रस्त्यावर येतो, आणि माझे बाबा त्याला थोपवतात. कुठलीही भिंत पाडण्याआधी ती काय धरून उभी आहे ते बघावं, हे मी त्यांच्याकडून शिकले."

असं मी कधी बोललो होतो, मला आठवेना. डोळे भरून आले, दोष वाऱ्यावर ढकलला.

मी पोलादपूरला परतल्यावर तिचा फोन आला. ठोकळे तसेच ठेवायचं ठरलं होतं, गाड्यांना जागा रस्त्यापलीकडे मिळाली होती. कशेडीच्या कामावर मी गवंड्यांना तिचा तिथला फोटो दाखवून ठोकळ्यांची गोष्ट सांगितली.

"म्हणजे आपल्या पोरीनं तिकडं समुद्र अडवला हाय!" एक जण म्हणाला.

मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.