दिवा स्थिर होईपर्यंत

समोरच्या घरात राहणाऱ्या बाईंना सगळी इमारत टायपिंगच्या बाई म्हणते. नवरा लवकर गेला, तेव्हा त्यांनी पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास काढला आणि त्यावर मुलाला शिकवून मोठं केलं. बाई भलत्या कडक. एक अक्षर चुकलं तरी लाल पेनाने गोल करून अख्खं पान पुन्हा करायला लावायच्या. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुष्कळ रडले. पुढे मशिनं भंगारात गेली, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला. त्या खोलीत आता एक कॉम्प्युटर आणि कपाटावर मोडेम.

चिरंजीवांना वेळ नसतो. आईने चार ओळींचा मेसेज केला की उत्तरादाखल नुसता अंगठा येतो. पण घरातलं नेट बंद पडलं असं कळलं की स्वारी फोनवर हजर! यंत्राचं दुखणं त्याला लगेच कळतं.

"आई, मोडेमच्या सेटिंगचं पान उघड. आकडे वाच बघू."

बाई वाचायच्या. त्यातला एक आकडा हमखास चुकलेला निघायचा. तो सुधारायचा, मोडेम बंद करून पुन्हा लावायचा आणि दिव्याची लुकलुक थांबायची वाट बघायची. तेवढ्या वेळात त्याला दुसरं काही करता येत नसे, म्हणून तो आईशी बोलायचा. गुडघे काय म्हणतात, औषधं संपली नाहीत ना, साहेबाशी आपलं कसं वाजलं. बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहावंसं वाटे.

एका दुपारी मी तिथेच बसले होते. दिवा केव्हाच हिरवा, अगदी स्थिर झाला होता. त्याच्याकडे बघत बाई फोनवर म्हणाल्या, "नाही रे, अजून लुकलुकतोय."

फोन संपल्यावर मी सरळच विचारलं, "बाई, आकडा तुम्हीच बिघडवता ना?"

"एकच बिघडवते," त्या म्हणाल्या. "त्याला सापडायला त्रास नको."

दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात घालवलेली ही बाई! मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

मुलगा मात्र वाईट नाही हो. आईला सारखा मनस्ताप होतो म्हणून त्याने परस्पर पैसे भरून कंपनीचा नवा मोडेम पाठवला. बसवायला आलेला माणूस भारी उत्साही होता.

"आजी, आता सेटिंगला हातच लावायचा नाही. ते सगळं आमच्या ऑफिसातूनच होतं."

"आणि बंद पडला तर?"

"तुमच्या आधी आम्हाला कळतं. कुणाला फोन करायची गरजच नाही."

तो जिना उतरतोय तोवर मुलाचा फोन आला. चालू झालं का, एवढंच त्याने विचारलं. "झालं," बाई म्हणाल्या. "सुटलीस बघ कटकटीतून," तो खुशीत म्हणाला, आणि ठेवलासुद्धा.

माझा पारा चढला. "बाई, मुलगा आहे तुमचा. वाटेल तेव्हा फोन करा की!"

बाई फोनकडे बघत होत्या.

"करीन गं," त्या म्हणाल्या. "पण कशाला केलास म्हणाला, तर काय सांगू?"