वाढत्या अंगाचा ताईत

आपल्याकडे माणूस जाड झाला की ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. याच दोन शब्दांनी माझा घात होता होता राहिला.

माझ्या आतड्याला बरीच वर्षं सूज आहे. ती उसळते, निवते, पुन्हा उसळते. मध्यंतरी आतड्याचा एक तुकडा इतका आवळला की तो कापून काढायचं ठरलं. भोरच्या डॉक्टरबाईंनी बजावलं, “अंगात कस नसेल तर आतले टाके धरत नाहीत. आधी घरी तुम्हीच स्वतःला तपासा.” मोबाईलवर त्यांनी तीनच प्रश्न पाठवले. उंची किती, आजचं वजन किती, सहा महिन्यांपूर्वी किती होतं. उत्तरं भरली की हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग उमटणार.

सुजेवरच्या गोळ्यांनी तेव्हा माझा चेहरा कोजागिरीच्या चंद्रासारखा झाला होता. एसटी स्टँडवर ओळखीचा कंडक्टर म्हणाला, “काय राव, तब्येत सुधारली. सासुरवाडीला मुक्काम पडला काय?” ऑफिसातही तेच. एवढे साक्षीदार असताना काटा कशाला हवा? मी दोन्ही वजनं सारखीच भरली. हिरवा रंग आला. पास झालेल्या पोराच्या थाटात मी तो बायकोला दाखवला.

रविवारी वेल्ह्याला आईकडे गेलो. बनियनवर जेवायला बसलो आणि डॉक्टरबाईंची हुबेहूब नक्कल सुरू केली. दंडात आईनंच बांधलेला ताईत होता, काळ्या दोऱ्यातला. “अंगात कस नसेल तर,” म्हणत मी हात वर फेकला, ताईत खांद्याला गेला. हात खाली आणला तसा तो कोपर ओलांडून मनगटावरून थेट आमटीत पडला.

“दोरा तुटला वाटतं,” मी म्हणालो.

आईनं ताईत काढून धुतला, दोरा ताणून पाहिला. “गाठ हाय तशी हाय. म्या बांधला तवा कातड्यात रुतत व्हता. दोरा वाढत न्हाई, लेकरा.”

“अगं, सगळे म्हणतात तब्येत सुधारली.”

“त्वांड बगून म्हनत्यात. दंड कोन बगतंय?”

जेवण टाकून मी भाताच्या गिरणीत गेलो आणि पोत्यांच्या काट्यावर उभा राहिलो. गिरणीवाला म्हणाला, “दादा, चपला काढा. न्हाईतर बारदानाचं वजन वजा करावं लागंल.” चपला काढल्या. मी भरलेल्या आकड्यापेक्षा काटा नऊ किलो कमी दाखवत होता.

मी तिथंच उभा राहिलो. नऊ किलो मी कुठं गेलो होतो? माझ्याच शरीरानं दंड, मांड्या, पिंढऱ्या गुपचूप खाल्ल्या होत्या आणि वर गालांना रंगवून लोकांसमोर उभं केलं होतं. जत्रेच्या नाटकांत मी बरीच वर्षं राजा झालो, पण असा नट पाहिला नाही. मला राग यायला हवा होता. पण मी थक्क होऊन स्वतःचे दंड चाचपत राहिलो.

खरी उत्तरं भरली. लाल रंग आला. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “हे ऑपरेशनच्या टेबलावर घेतल्यावर कळलं असतं तर?” ऑपरेशन पुढं गेलं. आधी अंडी, मऊ भात, डब्यातली प्रथिनांची पावडर, आणि दर रविवारी गिरणीचा काटा.

त्या रविवारी वेल्ह्याहून निघताना आईनं ताईत पुन्हा बांधला. गाठीपुढं वीतभर दोरा लोंबत होता.

“आई, हे टोक काप की.”

“ऱ्हाऊ दे. वाढत्या अंगाचं बांधलंय.”

माझी पन्नाशी उलटली आहे.

पुढं लालचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. या वेळचा हिरवा काट्यावरचा होता. ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा दोरा दंडात रुतत होता. आईनं गाठ सोडली, दोन बोटं सैल करून पुन्हा मारली. टोक अजून बरंच उरलंय.