तिसऱ्या डबीतलं रीळ

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला माझ्या बऱ्याच गोष्टी ठाऊक आहेत, ठाऊक असू नयेत अशाही. पण ही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात तरी हे ऐकल्यावर तो मी नव्हेच असं तुम्हाला वाटेल.

पुंडलिकपासून सुरुवात करायला हवी. खरं तर स्वतःपासून करायला हवी, पण बघा, अजूनही तो पुढे येतो.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी मेहकरचा, वडील कचेरीत कारकून. घरात शुद्ध बोलायचं, शब्द चुकला की आई ताटावरून उठवायची. पुंडलिक जानेफळचा, माळ्याचा. कॉलेजसाठी मेहकरात खोली करून राहायचा आणि दर सोमवारी येताना आमच्याकडे वांगी नाहीतर मेथीची जुडी टाकून जायचा. आम्ही एकाच बाकावर बसायचो. मी कविता करायचो, गॅदरिंगला नाटकं लिहायचो, आणि तो माझी नाटकं ऐकायचा. ऐकणारा म्हणून मला तो फार आवडायचा.

आमचे बर्वे सर इतिहास शिकवायचे. त्यांच्या परदेशातल्या भावानं त्यांना एक छोटा सिनेमाचा कॅमेरा पाठवला होता — चावीचा, मुठीत मावेल एवढा — आणि चित्र भिंतीवर दाखवायचं यंत्र. सोबत तीन रिळं. एका रिळात चार मिनिटं. सरांच्या डोक्यात आलं की मुलांनी एक लघुपट करावा. कथा कोण लिहिणार? मी. नायक कोण? तोही मीच. शिकलेला तरुण गावी परततो आणि त्याला आपल्या मातीची ओळख पटते, अशी काहीतरी कथा होती. आज आठवली की कान गरम होतात. तेव्हा मात्र मला वाटलं होतं, असं काही या जिल्ह्यात कुणी लिहिलेलं नाही.

पहिलं रीळ आम्ही लोणारला घेतलं. सरोवराच्या काठावर उभा राहून मी दूर पाहायचो, हातात पुस्तक. कॅमेरा सर चालवत होते. मधे त्यांनी गंमत म्हणून तो पुंडलिकच्या हातात दिला.

काय झालं ते नीट सांगतो, कारण माझं सगळं तिथूनच बिघडलं. पुंडलिकनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि नुसता उभा राहिला. बटण दाबेना. सर म्हणाले, अरे, घे की. तर म्हणतो, "थांबा सर. ते ढग सरकून राह्यले. सावली पाण्यावर येऊ द्या." आम्ही थांबलो. ढगाची सावली काठावरून खाली उतरली, झाडीवरून गेली, पाण्यावर आली, आणि तेव्हा त्यानं बटण दाबलं. सर त्याच्याकडे बघत राहिले. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. परत येताना बसमध्ये सर मला म्हणाले, "मधुकर, तू लिहितोस छान. पण पुंडलिकला दिसतं."

बस्स. एवढंच वाक्य. यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? तरी ते मी मेहकर येईपर्यंत चघळत बसलो. शेजारी पुंडलिक खिडकीला डोकं टेकून झोपला होता — त्याला त्याचं काहीच नव्हतं. तो थोडा जरी फुशारला असता ना, तर मी त्याला माफ केलं असतं.

दुसरं रीळ त्याच्याच मळ्यात घ्यायचं ठरलं. त्यांच्या विहिरीवर अजून मोट होती. पुढच्या हंगामात विजेची मोटर बसणार होती, म्हणून पुंडलिकच म्हणाला, सर, मोट घेऊन ठेवू. त्याचे वडील किसनबाबा — काळे, उंच, पुढचा एक दात पडलेला, मोजकं बोलणारे. त्यांनी जन्मात फोटो काढलेला नव्हता. कॅमेरा बघून ते बैलांच्या आडच जाऊन उभे राहिले. "मले कायले घेता बे त्याच्यात? बैलं घ्या. बैलं देखणे हायेत."

पुंडलिक पाण्याच्या पाटात उताणा पडला, पाठ भिजली, आणि तिथून त्यानं बैल उतारावरून येताना घेतले. मोट वर येऊन पाणी फुटताना घेतलं. दोन मिनिटं झाली की कॅमेरा उघडून रीळ उलटं करून पुन्हा लावावं लागायचं, मग दुसऱ्या कडेवर उरलेली दोन मिनिटं. ती दोन मिनिटं त्यानं राखून ठेवली. तासभर राखली. बाबा कॅमेरा विसरेपर्यंत. मग ते मोटेच्या दोरावर, नाड्यावर बसून उतारावरून खाली येताना, एका बैलानं मान झटकली, त्यांच्या तोंडावर फेस उडाला आणि ते हसले — तोंड भरून, त्या पडलेल्या दातासकट. पुंडलिक तीन हातांवर होता. बटण दाबलेलंच होतं.

मी बांधावर उभा होतो. इस्त्रीच्या सदऱ्यात.

भाकरी खायला बसलो तेव्हा सर खुशीत होते. म्हणाले, आपला लघुपट हाच. मोट. बाकी काही नको, तुझे लोणारचे प्रसंग काढून टाकू, मधुकर, ते नाटकी वाटतात. हे ते माझ्याकडे न बघता बोलले, कांदा फोडता फोडता. आणि मग पुंडलिक म्हणाला — आजही हे सांगताना मला त्याचा राग येतो, बघा — म्हणाला, "सर, एक रीळ उरलं न. ते मधूच्या सीनले लावू. त्यानं मेहनत केली."

त्यानं मला दान दिलं. सगळ्यांसमोर. असं मला वाटलं. खरं तर तो फक्त चांगला वागत होता, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. पण कळून काय उपयोग?

डब्यांची पिशवी माझ्याकडे होती. भरलेल्या रिळाच्या डबीवर पेन्सिलीनं खूण करायची, एवढंच माझं काम. त्या कॅमेऱ्याची एक गंमत होती — रीळ दोन्ही कडांनी वापरून झालं की ते पुन्हा पहिल्याच चकतीवर येऊन बसायचं. वापरलेलं आणि कोरं, दोन्ही सारखीच दिसायची. खूण नसली तर सरांनाही ओळखू येणार नव्हतं.

दुपारी पुंडलिक गोठ्यापाशी जागा बघत होता. मला हाक मारली, "मधु, तेवढं रीळ भरून दे बे." मी कॅमेरा घेऊन गोठ्याच्या आत सावलीत गेलो. दोन डब्या मांडीवर ठेवल्या. दुसऱ्या डबीतलं रीळ काढलं. तिसरीतलं काढलं. कोरं रीळ दुसऱ्या डबीत घातलं, आणि त्याच्या वडिलांचं रीळ कॅमेऱ्यात भरलं.

चूक नव्हती. घाई नव्हती. मी चकती दोनदा तपासली, नीट बसली ना म्हणून. आता म्हणावंसं वाटतं की त्या क्षणी मला भान नव्हतं. होतं. गोठ्यात शेणाचा वास होता, एक वासरू माझ्या कोपराला चाटत होतं, हे मला लख्ख आठवतं. बेभान माणसाला असं आठवतं का?

मग मी बाहेर आलो आणि अभिनय केला. माती मुठीत घेतली, कपाळाला लावली, आकाशाकडे बघितलं. दोन मिनिटं झाली. पुंडलिकनं कॅमेरा उघडून रीळ उलटं केलं. मोट तर गेलीच होती. पण किसनबाबा होते ते दुसऱ्या कडेवर, आणि ते अजून वाचले असते. एक शब्द पुरला असता: थांब. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "आता जवळून घे. नुसता चेहरा."

त्यानं घेतला. माझ्यासाठीही तो ऊन जरा उतरायची वाट बघत थांबला होता.

रिळं मुंबईला धुवायला गेली, तीन आठवड्यांनी परत आली. सरांच्या खोलीत खिडकीला घोंगडी लावून आम्ही बसलो. लोणार नीट आलं होतं. दुसऱ्या डबीतलं रीळ लावलं तर भिंतीवर काळोख. पूर्ण चार मिनिटं काळोख, आणि यंत्राची घरघर. सर उठून भिंग पुसून आले. मग तिसरं लावलं. पांढुरक्या उजेडात बैल माझ्या पोटातून चालले होते. माझ्या कपाळावर मोट फुटत होती. शेवटी माझा चेहरा आला, आणि त्याच्या आत कुठेतरी, धुरात असावं तसं, कुणीतरी हसत होतं.

सरांनी विचारलं, रीळ कुणी भरलं होतं?

पुंडलिकनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही, नुसतं आठवायला. मी म्हणालो, "तू मला सांगितलंस, पण मग म्हणालास, राहू दे, मीच भरतो. मी नुसती पिशवी धरून होतो." तो विचार करू लागला. दिवसभर बाकी सगळं त्यानंच भरलं-उलटवलं होतं, त्यामुळे त्याला पटलं. "असंल मंग," तो म्हणाला. "माहीच चूक झाली, सर."

सर ओरडले नाहीत. कॅमेरा पेटीत ठेवला आणि म्हणाले, हे खेळणं नाही. ते पुण्याला त्यांच्या एका मित्राला पुंडलिकबद्दल पत्र लिहिणार होते, तिथे सिनेमाचं शिकायची सोय होती. मला हे माहीत होतं. सरांनीच मला पत्राचा मसुदा वाचायला दिला होता, तू लिहितोस छान म्हणून. ते पत्र गेलं नाही. पुंडलिकनं पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही.

दोन वर्षांनी किसनबाबा काविळीनं आठ दिवसांत गेले. तेराव्यानंतर पुंडलिक मेहकरला आला, डोकं भादरलेलं, आणि मला घेऊन सरांकडे गेला. ते बिघडलेलं रीळ एकदा दाखवा म्हणाला. बाबांचं दुसरं काहीच नव्हतं.

पुन्हा घोंगडी, पुन्हा घरघर. माझा चेहरा आला तसा तो उठला, भिंतीशी गेला आणि माझ्या चेहऱ्यावर हात ठेवला — माझं झाकून मागचं दिसतं का बघायला. झाकल्यावर त्याच्या हातावरच मी दिसायला लागलो. त्यानं हात काढला, दुसरीकडे ठेवला. "पाह्य, पाह्य, हा पडलेला दात दिसून राह्यला," तो म्हणाला. मग हसून माझ्याकडे वळला. "तू जरासा बाजूले असता तं..."

मला तेव्हा काय वाटलं? लाज वाटली असं सांगायला हवं. पण आधी दुसरंच वाटलं, आणि ते सांगितल्याशिवाय या सांगण्याला अर्थ नाही. मला हेवा वाटला. एवढं करूनही भिंतीवर जे जिवंत होतं ते त्याचं होतं. मी वर होतो, ठळक होतो, आणि बघण्यासारखं माझ्याखाली होतं.

पुढे मी शिक्षक झालो, चार एकांकिका छापून आल्या, तालुक्यात नाव झालं. पुंडलिकनं मळा वाढवला. सर वारले, ते यंत्र आणि रिळं कुठे गेली कुणास ठाऊक. आमचं जाणंयेणं मात्र चालूच राहिलं. मेथीची जुडीसुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या धाकट्या मुलीचं, शालूचं लग्न झालं. देवकार्याला घरात पाटावर गेलेल्यांचे फोटो मांडले होते, हार घालून. पुंडलिकची माय होती, थोरला भाऊ होता. एका जागी नुसती सुपारी ठेवली होती. शालूनं विचारलं, "बाबा, आजोबाचा एकबी फोटो काऊन नाही आपल्याकडे?"

पुंडलिक म्हणाला, "सिनेमा होता, पोरी. चांगला हसत होता तुहा आजोबा. मीच बिघडवला." तो हे सहज बोलला, चाळीस वर्षं बोलत आल्यासारखं. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विचार या मधुकाकाले. हा होता तिथं."

शालू माझ्याकडे बघत होती. घरातली सगळीच बघत होती. पुंडलिकचा हात खांद्यावर होता, जड, उबदार.

मी म्हणालो, "हो. त्याच्याच हातून झालं."

मग पंगत बसली. पुंडलिकनं मला स्वतःच्या शेजारी बसवलं, आग्रह करून वाढलं, आणि मी पोटभर जेवलो.