अंगणात चालणारा हार्वेस्टर

सरकारने घेतलेल्या जमिनीचा मोबदला हातात आला तेव्हा आमच्या गावात कुणी दुमजली बंगला बांधला, कुणी जीप घेतली. माझ्या बाबांनी भात कापायचा हार्वेस्टर घेतला. शेतं गेल्याच्या पैशांतून शेत कापायचं यंत्र घेणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नसेल. तोही जुना. पंजाबहून आलेल्या मालकाला तो परत न्यायचा कंटाळा आला होता, आणि बाबांच्या चेहऱ्यावरचं गिऱ्हाईक त्याने लांबूनच ओळखलं.

खांदेश्वरच्या बाजूला आमचं भाताचं एकच मोठं खाचर उरलं होतं. कागदावर तेही गेलेलंच, फक्त ताबा घ्यायला सरकारी माणसं दिवाळीनंतर येणार होती. शेजारच्या जमिनीवर टाकलेला मातीचा भराव आमच्या बांधाला येऊन टेकला होता. बाबांचं म्हणणं एकच, "शेवटचं पीक हाय. माझ्या मशीननं मीच कापनार." चुलते म्हणाले, कापणीला बायका पाठवतो, तर बाबांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

पावसाळाभर हार्वेस्टर अंगणात उभा होता. भात पिकल्यावर नारळ फोडून शेतात नेला. त्याच्या तोंडाशी भात कापणारा रुंद कटर असतो. वळताना, बांधापाशी तो उचलावा लागतो, आणि ते काम तेलाच्या दाबावर चालतं. पहिल्या फेरीला कटर ऐटीत उचलला गेला, दुसऱ्या फेरीला कण्हत, आणि तिसऱ्या फेरीला जागचा हलेना. थेट बांधात घुसला. चुलते तिथे उभेच होते.

"मंग? बायका आनू का?" त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं.

मग मशीन अंगणात परत आणलं आणि तज्ज्ञ आले. पहिला जुईनगरचा गॅरेजवाला, मूळचा साताऱ्याचा, डंपरच्या हायड्रॉलिकची कामं करणारा. त्याने तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाला, "त्याल मेलंय." तेल बदललं. झाकण उघडंच ठेवून, आत डोकावत, त्याने कटर वरखाली करून दाखवला. लोण्यासारखा चालला. भुसा जाऊ नये म्हणून झाकण घट्ट आवळून शेतात नेला, तर तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच. मग त्याने कटर उचलणाऱ्या सिलिंडरची सीलं बदलली. अंगणात उत्तम, शेतात ठप्प.

मी तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत क्लार्क होते. शिकलेल्या माणसाशिवाय हे सुटायचं नाही असं मला वाटलं, म्हणून आमच्या मेंटेनन्सच्या इंजिनिअरला घेऊन आले. रविवारी इस्त्रीच्या शर्टात आलेल्या त्या माणसाने पंपावर ठपका ठेवला. पंप उघडला, पुसला, लावला. अंगणात झाकण उघडं ठेवून कटर उचलला, आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या. शेतात गेल्यावर काय झालं ते सांगायची गरज नाही.

"घरात हट्टी नि चार लोकांत शहाना, असा मी एक संभाळलाय," आई बाबांकडे आणि मग मशीनकडे बघत म्हणाली. "ह्यो उलटाच निघाला."

आईला ते मशीन डोळ्यांसमोर नको होतं. त्याला ती 'धूड' म्हणायची, आणि अंगणात वाळवणाला जागा उरली नाही म्हणून दिवसातून एकदा तरी त्याचा उद्धार करायची.

ताबा घ्यायला उद्या येतो असा निरोप आला. बाबा सकाळपासून शेतात, मशीनपाशी उपाशी बसून होते. चुलत्यांनी बायकांना विळे घेऊन बांधावर आणून बसवलंच होतं. गॅरेजवाला आणि इंजिनिअर एकमेकांची चूक शोधत होते. तेवढ्यात आई भाकरी घेऊन आली आणि टाकीकडे बघून म्हणाली, "माझी पिशवी अजून तशीच हाय? पाऊस जाऊन किती दिवस झाले, कुनी सोडली नाय?"

टाकीच्या बाजूला एक छोटी नळी होती. तिच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी, सुतळीने बांधलेली. ती आम्ही सगळ्यांनी बघितली होती. गॅरेजवाल्याला वाटलं, पंजाबवाल्याने बांधली. इंजिनिअरला वाटलं, गॅरेजवाल्याने. बाबांना वाटलं, मशीन असंच येतं. कारखान्यात दुधाची पिशवी बांधून हार्वेस्टर विकतात, याबद्दल त्यांना काडीचीही शंका नव्हती.

टाकीत हवा जायला ती नळी होती. कटर वर जाताना टाकीतलं तेल खेचलं जातं, तेव्हा तेवढी हवा आत यावी लागते. मशीन तापलं की पिशवीतून हवा बाहेर निसटायची, पण आत येताना पिशवी नळीच्या तोंडाला चिकटून बसायची, म्हणून फेरीगणिक तेल खेचणं जड जाऊन तिसऱ्या फेरीला अडायचं. अंगणात झाकण उघडं, म्हणून सगळं ठीक.

"बेसिक गोष्ट आहे," इंजिनिअर म्हणाला. "मी तिकडेच येणार होतो."

बाबांनी सुतळी सोडली. आता ओरडणार म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत होते.

"कशाला बांधलीस?"

"पानी गेलं असतं आत," आई म्हणाली. "तुमचा जीव हाय त्याच्यात."

बाबांनी उभ्या उभ्या अर्धी भाकरी खाल्ली आणि ते वर चढले.

कटर उचलला जात राहिला. तिसऱ्या फेरीला, चौथ्या फेरीला, प्रत्येक वळणावर. बांधावरच्या बायका विळे बाजूला ठेवून बघत बसल्या. मला इतका आनंद झाला की मी गॅरेजवाल्याला उगाचच साहेब म्हटलं.

आजोबांच्या वेळी ज्या खाचरात दिवसचे दिवस घरदार राबायचं, ते चहाच्या वेळेआधी संपलं. शेवटच्या बांधाशी बाबांनी कटर वर घेतला. पलीकडे भरावाची लाल माती होती. मशीन कधी नव्हे इतकं छान चालत होतं.

"उतरा आता," आईने हाक मारली.

बाबांनी मशीन वळवलं. कापलेल्या शेतातून, उरलेल्या बुडख्यांवरून, पुन्हा फेरी धरली. कापायला काही नव्हतं. तरी त्यांनी कटर खाली सोडला.