खाजगी बोलायचंय? देवळात या!

मुलांची खाजगी माहिती आणि कायदा हा विषय मी मुंबईत बरीच वर्षं शिकवते. "मॅडम, पण मुलांना कधी विचारलंत का?" असं एका विद्यार्थिनीने भर वर्गात सुनावलं, आणि मी मे महिन्यात बॅग भरली.

रेल्वेने वीर, तिथून रिक्षाने महाड. भाडं बसण्याआधी ठरवा. मी उतरताना विचारलं आणि मागितले तेवढे मोजले. पुढे एसटीने पोलादपूर. इथून सगळे पर्यटक आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला पळतात. मी उमरठच्या बाजूला वळले, डोंगरातल्या एका वाडीत.

गावकीचे, म्हणजे गावकऱ्यांच्या बैठकीचे, अध्यक्ष शांतारामभाऊ यांच्याकडे मुक्काम. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन मी म्हटलं, "मुलांशी एकेकट्याने बोलायचंय. विषय खाजगी आहे."

"काय काळजी करू नका," म्हणत ते देवळात गेले आणि त्यांनी माईक लावला. गावकीला न सांगता इथे काही होत नाही. "मुंबईच्या मॅडम आल्यात हो! ज्या पोरांचं काय खाजगी आसंल त्यांनी देवळात येऊन सांगा!"

सगळी वाडी जमली, सुट्टीला आलेल्या मुंबईकरांसकट. पोरं मागे, आज्या पुढे. "इचारा मॅडम," एक आजी आणखी पुढे सरकत म्हणाली, "आमी कोन नाय ऐकत."

सकाळी ओढा दाखवायच्या निमित्ताने आठवीतली मंजिरी (हे टोपणनाव तिनेच निवडलंय, आजोबांचंही) माझ्यासोबत आली. शांतारामभाऊ तिचे आजोबा. "आजानं माझा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकलाय. जूनला शाळेत सगळी हसतील. कायद्यानं काडता येल?"

मी तक्रार, पालकांची संमती वगैरे सुरू केलं.

"जूनच्या आदी व्हईल?"

"नाही."

मला स्वतःची लाज वाटली. तडक तिच्यासोबत जाऊन भाऊंना विचारलं, "टाकण्याआधी तिला विचारलं होतं?"

"पोरीला काय इचारायचं? कौतुकानं टाकला." मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं आणि खाली बसले. "संध्याकाळी गावकी बसवतो."

गावकी बसली. गावाचं मुंबईतलं मंडळही फोनवर होतं. ठरलं: पोरांना विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही, आणि तो व्हिडिओ सगळ्यांनी पुसायचा. माझी छाती फुगली. तेवढ्यात, जे आले नव्हते त्यांच्यासाठी भाऊंनी माईक घेतला. "आपल्या मंजिरीचा तो व्हिडिओ पुसा हो! ज्यात ती, ते हे, पडवीत—"

मंजिरीने वायर उपटली.

मग भाऊंनी माईक तिच्यापुढे धरला. "तू सांग गो."

तिने वायर परत लावली. "पुसा," ती म्हणाली. "बस."

घरी येऊन हे लिहिलं आणि आधी मंजिरीला पाठवलं. व्हिडिओत काय होतं ते मी चार ओळींत फार छान रंगवलं होतं. माझ्या मते लेखातला सर्वात विनोदी भाग तोच. तिचं उत्तर लगेच आलं: "ते नको."

काढलं.